धातूच्या कोअरची लाँगबोर्ड चाकं: घ्यावीत का?

आधी निकाल, मग कारणं. लाँगबोर्ड म्हणजे लांब स्केटबोर्ड; त्याच्या चाकात बाहेर रबरासारखं युरेथेन असतं आणि आत बेअरिंग बसवायचा गाभा, तोच कोअर. पायाने ढकलून किंवा उतारावर चालवायच्या लाँगबोर्डसाठी धातूच्या कोअरच्या चाकांना जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. इलेक्ट्रिक लाँगबोर्ड असेल, बेल्टची पुली थेट चाकाच्या कोअरला बसत असेल आणि चालवणारा अंगापिंडाने भारी असेल, तर मात्र हा खर्च वसूल होतो. या दोन टोकांच्या मधे डाउनहिल शर्यतीत उतरणारे मोजके लोक येतात. त्यांचं उत्तर रस्ता कुठला आहे यावर ठरतं.

‘मेटल कोअर’ म्हणून शोधलं की बाजारात तीन वेगवेगळ्या वस्तू समोर येतात, हे आधी लक्षात घ्या. पहिली म्हणजे दिव्यांची चाकं. त्यात दोन बेअरिंगच्या मधे साध्या स्पेसरऐवजी चुंबकाची नळी असते आणि कोअरमध्ये तारेचं वेटोळं. चाक फिरलं की वीज तयार होते, दिवे लागतात. वर्णनात काहीही लिहिलेलं असो, कोअर प्लास्टिकचाच असतो. दुसरी वस्तू म्हणजे चंदेरी मुलामा दिलेला प्लास्टिकचा कोअर. फोटोत तो हुबेहूब अ‍ॅल्युमिनियमसारखा दिसतो, पण हातात घेतल्यावर गार लागत नाही आणि नख मारलं की मऊ आवाज येतो. तिसरी खरी वस्तू, अ‍ॅल्युमिनियमचा कोअर. त्यातही दोन जाती आहेत. एक साच्यात ओतलेला, म्हणजे कास्ट: पृष्ठभाग थोडा खरबरीत, कुठेतरी साच्याच्या जोडाची रेघ. दुसरा सळईतून लेथवर किंवा सीएनसीवर काढलेला: त्यावर बारीक गोल रेषा दिसतात आणि कडा नीट मारलेल्या असतात. विक्रेत्याने ‘६०६१-टी६’ असा मिश्रधातूचा दर्जा लिहिला असेल तर ठीक. नुसतं ‘एअरक्राफ्ट ग्रेड’ लिहिलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. नामांकित कंपन्यांचा बहुतेक माल आजही काच मिसळलेल्या नायलॉनसारख्या प्लास्टिक कोअरवरच आहे. धातूचा कोअर निघतो तो छोट्या बॅचमध्ये किंवा बिननावाच्या कारखान्यांतून, त्यामुळे परीक्षण करताना ब्रँडपेक्षा बनावटीकडे बघणं जास्त उपयोगाचं.

आता दावे. सगळ्यात ठळक दावा ताठपणाचा: धातूचा कोअर वाकत नाही, म्हणून चाक वेगवान आणि वळणावर पक्कं. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. अ‍ॅल्युमिनियमचा लवचिकता गुणांक (ताठपणाचं माप) साधारण ६९ गिगापास्कल, काच मिसळलेल्या नायलॉनचा त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पण ७८ए ते ८०ए ड्युरोमीटरचं (कडकपणाच्या मापाचं) युरेथेन या मापात फक्त काही मेगापास्कलवर येतं. म्हणजे चांगला प्लास्टिक कोअरदेखील युरेथेनच्या हजारपट ताठ असतो, अ‍ॅल्युमिनियमचा दहा हजारपट. वळणात बाजूचा दाब येतो तेव्हा दबतं ते युरेथेन, तेही मिलिमीटरमध्ये. कोअरची हालचाल मायक्रॉनमध्ये. हजारपट ताठ पाया दहा हजारपट केला, तर वरच्या मऊ थराला त्याचा पत्ताही लागत नाही. फरक जाणवतो तो काच न मिसळलेल्या, पातळ आऱ्यांच्या स्वस्त प्लास्टिक कोअरशी तुलना केली तर. अनेक जाहिराती नेमकी तीच तुलना करतात.

मग धातूच्या कोअरचं चाक चालवल्यावर कडक का वाटतं? कारण कोअर मोठा असतो. ७५ मिमीच्या चाकात ३५ मिमीचा कोअर असेल तर भोवती २० मिमी युरेथेन उरतं, ५० मिमीचा असेल तर साडेबारा. थर पातळ झाला की त्याला दबायला जागा कमी मिळते, म्हणून तेच ७८ए युरेथेन दोन-तीन अंकांनी कडक असल्यासारखं वागतं. हा परिणाम मोठ्या प्लास्टिक कोअरनेही तितकाच मिळतो. शिवाय थर पातळ म्हणजे आयुष्य कमी, हेही आलंच. स्लाइड मारणाऱ्यांनी, म्हणजे चाकं आडवी घसरवत नेणाऱ्यांनी, हे गणित आधी करावं: त्यांच्या हातून चाक संपतं ते युरेथेन झिजून, कोअर तुटून नव्हे. फ्रीराइडसाठी (उतारावर मजेत स्लाइड मारत जाण्यासाठी) धातूचा कोअर घेणं म्हणजे चार दिवसांच्या कापडाला सोन्याचं बटण लावणं.

वजनाचा दावा दोन्ही बाजूंनी केला जातो. काही म्हणतात जड चाक जास्त वेळ पळतं, काही म्हणतात जड चाक उचल घेत नाही. आकडे मांडा. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७, काच-नायलॉनची १.४ च्या आसपास. आरे काढून हलका केलेला कोअर साधारण २० घनसेंमी धरला, तर एका चाकामागे २५-३० ग्रॅम जास्त. ७५ मिमीचं चाक एरवी २०० ग्रॅमच्या आसपास असतं. हे जादा वजन अक्षाच्या जवळ असल्याने फिरण्याच्या जडत्वात त्याची भर किरकोळ पडते. चारही चाकांचं मिळून, फिरण्याचा हिशेब धरूनही, सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. स्वार आणि बोर्ड मिळून ८० किलो असतील तर हे ०.१५ टक्के झालं. पाण्याची बाटली पाठीवर असली-नसली तर याहून मोठा फरक पडतो.

उष्णतेच्या दाव्याकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण त्यात अर्धं सत्य आहे आणि ते भलत्या ठिकाणी लावलं जातं. स्लाइडमध्ये युरेथेन तापतं, वितळल्यासारखं होतं, रस्त्यावर पांढऱ्या किंवा रंगीत रेघा सोडतं. विक्रेता सांगतो की धातूचा कोअर ही उष्णता ओढून घेतो, म्हणून दहावी स्लाइड पहिलीसारखीच लागते. अ‍ॅल्युमिनियम उष्णता भराभर वाहतं हे खरंच, युरेथेनच्या कित्येक शेपट. पण उष्णतेला कोअरपर्यंत पोचायला युरेथेनमधूनच जावं लागतं. १० मिमी जाडीच्या युरेथेनमधून तापमानाचा बदल पलीकडे जाणवायला कित्येक मिनिटं लागतात. स्लाइड संपते तीन-चार सेकंदांत. पृष्ठभागावरची उष्णता झिजलेल्या युरेथेनबरोबर रस्त्यावर जाते किंवा हवेत निघून जाते. कोअर कशाचा आहे याच्याशी तिचं काही देणं-घेणं नाही.

उष्णता दुसऱ्या एका मार्गानेही तयार होते आणि तिथे धातू खरोखर कामाला येतो. चाकाचा प्रत्येक भाग रस्त्याला टेकताना दबतो आणि सुटतो. दबताना दिलेली सगळी ऊर्जा युरेथेन परत करत नाही, थोडी आतच उष्णता होऊन राहते. ९० मिमीचं चाक ताशी ४० किमीला सेकंदाला ३९ फेऱ्या मारतं. असं अर्धा-पाऊण तास सलग चाललं, वर शंभर किलोचा माणूस आणि बॅटरी-मोटरचं वजन असलं, तर युरेथेन आतून तापत जातं. प्लास्टिक कोअर ही उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कोअरला लागून असलेला थर मऊ पडतो आणि चिकटवण तिथेच आधी सुटते. अ‍ॅल्युमिनियमचा कोअर ही आतली उष्णता घेऊन आऱ्यांवरून हवेत सोडतो. रोलर कोस्टरची चाकं अ‍ॅल्युमिनियमच्या हबवर पॉलियुरेथेन ओतून बनवतात, त्यामागे ताकदीबरोबर हेही कारण आहे. पायाने ढकलायच्या बोर्डवर मात्र एवढा वेळ एवढा भार नसतो. पाच-सात मिनिटांचा उतार, मग चालत किंवा गाडीतून परत वर. तोवर चाक गार झालेलं असतं.

राहिला बेअरिंगच्या बैठकीचा मुद्दा. धातूच्या कोअरचा खरा फायदा आणि खरी डोकेदुखी दोन्ही इथेच आहेत. लाँगबोर्डला ६०८ बेअरिंग लागतं: आतला व्यास ८ मिमी, बाहेरचा २२, रुंदी ७. प्लास्टिक कोअरमध्ये बैठक मुद्दाम थोडी लहान ठेवतात. प्लास्टिक ताणलं जाऊन बेअरिंगला कवटाळतं, त्यामुळे मापात थोडं इकडे-तिकडे झालं तरी निभतं. मात्र बेअरिंग वारंवार काढ-घाल केलं की बैठक सैल होते. धातूची बैठक अशी ढिली पडत नाही, पण ती माफही करत नाही.

चाकात बाहेरची कडी फिरते आणि आतली एक्सलवर थांबून असते. भार फिरत्या कडीवर येतो तेव्हा ती कडी घट्टच बसवावी लागते, नाहीतर ती बैठकीत हळूहळू सरकत राहते आणि अ‍ॅल्युमिनियम खरवडते. म्हणून २२ मिमीच्या बोअरला (बैठकीच्या भोकाला) ‘एम७’ किंवा ‘एन७’ बसवणूक, म्हणजे मापाची ठरलेली मर्यादा, हवी. एम७ म्हणजे नेमक्या २२ पासून खाली २१ मायक्रॉनपर्यंत. एन७ म्हणजे ७ ते २८ मायक्रॉन लहान. आता अडचण बघा. साध्या ६०८ बेअरिंगमधली आतली मोकळीक २ ते १३ मायक्रॉन असते. बैठक फार घट्ट झाली तर बाहेरची कडी आवळली जाते, गोळ्यांची मोकळीक संपते आणि नवंकोरं बेअरिंग हातानेही जड फिरतं. सैल ठेवली तर ऊन आणि वापराने कोअर तापल्यावर आणखी सैल होते, कारण अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. २२ मिमीच्या मापात ५० अंशांच्या वाढीला सुमारे १२ मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे हलकी घट्ट बैठक जवळपास सैल. यावरचा उपाय सोपा आहे: एन७ बैठक आणि ‘सी३’ मोकळिकीचं बेअरिंग, ज्यात ही मोकळीक ८ ते २३ मायक्रॉन असते. ६०८ बेअरिंग मिक्सरपासून छोट्या मोटरपर्यंत सगळीकडे वापरतात. बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात ‘६०८ सी३’ मागा, मिळेल किंवा मागवून देतील. ‘अ‍ॅबेक ९’ वगैरे बेअरिंगच्या अचूकतेच्या आकड्यांमागे जाऊ नका. ७० मिमीचं चाक ताशी ८० किमीला मिनिटाला सहा हजारांच्या आसपास फेऱ्या घेतं. ६०८ची मर्यादा त्याच्या कितीतरी वर आहे.

विकत घेण्याआधी विक्रेत्याला बोअरचं माप मायक्रॉनच्या मर्यादेसह विचारा. उत्तर ‘२२ मिमी’ एवढंच आलं तर समजा की मापलेलं नाही. माल हातात आल्यावर साध्या व्हर्नियरवर विसंबू नका, त्याची अचूकता इथे अपुरी पडते. ओळखीच्या टूलरूममध्ये बोअर गेजने चारही चाकांच्या आठही बैठका तपासून घ्या. एका बैठकीत दोन दिशांनी माप घेतलं आणि दहा मायक्रॉनहून जास्त फरक निघाला, तर ती बैठक गोल नाही. असं चाक परत करा. घासून, ठोकून ते सुधारत नाही.

स्पेसरचंही असंच. दोन बैठकींच्या आतल्या कडांमधलं अंतर बहुतेक लाँगबोर्ड चाकांत १० मिमी असतं आणि स्पेसरही १० मिमीचा. कोअरमध्ये हे अंतर १०.२ निघालं आणि स्पेसर १०.० असला, तर नट आवळल्यावर आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, गोळ्या तिरक्या दाबल्या जातात आणि चाक अडकतं. प्लास्टिक कोअर थोडा दबून हे खपवून घेतो, धातू घेत नाही. तपासायची रीत: बेअरिंग, स्पेसर, दोन्ही बाजूंना स्पीड वॉशर, मग १३ मिमीच्या पान्याने नट पूर्ण आवळा. नट सैल असताना चाक मोकळं आणि आवळल्यावर जड फिरत असेल तर स्पेसर आखूड आहे. ०.१ मिमीची शिम (पातळ चकती) घाला, आतला व्यास ८ मिमी आणि बाहेरचा १२च्या आत. त्याहून मोठी शिम बेअरिंगच्या शील्डला घासते. स्पेसर दोन-चार शतांश मिमी लांब चालतो, आखूड अजिबात चालत नाही. बिल्ट-इन स्पेसरची बेअरिंग वापरत असाल तर शिम दोन्हींच्या मधोमध येईल असं पाहा.

बसवताना आणि काढताना जुन्या सवयी सोडाव्या लागतात. एरवी सगळेच ट्रकच्या, म्हणजे बोर्डखालच्या चाकं धरणाऱ्या धातूच्या सांगाड्याच्या, एक्सलचं टोक बेअरिंगमध्ये अडकवून चाक तिरकं करतात आणि बेअरिंग उचकटून काढतात. प्लास्टिकमध्ये ते चालून जातं. अ‍ॅल्युमिनियममध्ये बेअरिंग तिरकं होतं आणि त्याची कठीण कडी बैठकीत ओरखडा काढते. एकदा ओरखडा पडला की पुढचं बेअरिंग नीट बसत नाही. काढण्यासाठी ६०८चा पुलर वापरा. नसेल तर केस वाळवायच्या ड्रायरने कोअर हाताला चटका बसेल इतका तापवा आणि पलीकडून ड्रिफ्ट (ठोकायची दांडी) लावून कडेकडेने, आलटून-पालटून हलक्या हाताने ठोका. बसवताना बेअरिंग अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, कोअर ड्रायरने कोमट करा, बेअरिंगवरचं दव पुसा, बैठकीत सरळ टेकवा आणि एक्सलवर नटाने हळूहळू दाबत न्या. दाबताना वॉशर बाहेरच्या कडीवर बसेल असा मोठा घ्या. आतल्या कडीवर जोर दिला तर गोळ्यांचे ठसे धावेत (गोळ्या फिरतात त्या खाचेत) उमटतात आणि ते बेअरिंग कायमचं गुरगुरतं. स्टोव्ह किंवा गॅसच्या बर्नरवर कोअर तापवू नका, युरेथेनची चिकटवण जळते.

ती चिकटवण हा धातूच्या कोअरचा दुसरा नाजूक भाग. प्लास्टिक कोअरमध्ये युरेथेन भोकांतून आत शिरून अडकून बसतं. धातूला मात्र ते आपणहून धरत नाही. कोअरवर आधी सँडब्लास्टिंग करावं लागतं, मग सॉल्व्हंटने तेलाचा अंश काढायचा, धातू-युरेथेनसाठीचा खास प्रायमर लावून भाजायचा, कोअर गरम असतानाच युरेथेन ओतायचं आणि १०० अंशांच्या आसपास अनेक तास पिकवायचं. यात कुठेही घाई झाली, प्रायमरवर बोटांचा तेलकट ठसा उरला, पावसाळी दमट हवेत ओतकाम झालं, तर बाहेरून चाक चकचकीत दिसतं आणि आतून जोड कच्चा राहतो. दमट हवेत तर दुहेरी नुकसान होतं: कच्च्या युरेथेनमधला आयसोसायनेट पाण्याशी भिडून कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि जोडाजवळ बारीक बुडबुडे राहतात. म्हणून कोअरच्या परिघावर खाचा, भोकं किंवा उलट्या कोनाची किनार आहे का ते बघा. चिकटवण सुटली तरी युरेथेन यांत्रिकरीत्या अडकून राहील, अशी ती व्यवस्था असते. गुळगुळीत नळीसारखा कोअर असेल तर सगळा भरवसा गोंदावर. असं चाक वेगाने चालवायला घेऊ नका.

घरी करायची एक तपासणी साधी पण नेमकी आहे. चाकाच्या दोन्ही बाजूंना कोअरवरून युरेथेनवर जाणारी एक सरळ रेघ पक्क्या शाईच्या मार्करने काढा. काही दिवसांच्या वापरानंतर रेघ जोडापाशी तुटून सरकलेली दिसली, तर युरेथेन कोअरवर फिरतंय. ते चाक लगेच बाजूला काढा. अंगठ्याने युरेथेनची कड बाहेर ओढून फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा. जोडावर केसाएवढी चंदेरी फट दिसली तर तीही सुरुवातच असते. रेघ मारायला दहा सेकंद लागतात आणि इलेक्ट्रिक बोर्डवर तर ती मारायलाच हवी, कारण तिथे कोअर मोटरच्या जोराने फिरतो आणि युरेथेन रस्त्याने अडवलेलं असतं.

कोकणपट्टी, मुंबई, गोवा इथल्यांसाठी एक जादा सूचना. खाऱ्या हवेत पोलादी बेअरिंग आणि अ‍ॅल्युमिनियमची बैठक शेजारी आली की अ‍ॅल्युमिनियम खायला लागतं. पांढरी भुकटी जमते, बेअरिंग बैठकीत पकडून बसतं आणि तीच गंजभुकटी युरेथेनच्या जोडाखाली शिरली की कडेपासून पापुद्रे सुटतात. कोअर अ‍ॅनोडाइझ केलेला, म्हणजे वर कठीण ऑक्साइडचा थर चढवलेला, असावा. बैठकीत बेअरिंग बसवताना ग्रीसचा नुसता हात फिरवावा. समुद्राकाठच्या रस्त्यावर पावसात चालवून चाकं तशीच कोपऱ्यात टाकली, तर पुढच्या मोसमात बेअरिंग काढताना कोअर हातात यायचा.

रस्त्याचा मुद्दा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातला मेरीहिल लूप्स रस्ता वाहनांना बंद असलेला, वळणावळणाचा, सपाट डांबराचा आहे. तिथल्यासारख्या रस्त्यावर मोठा, ताठ कोअर आपलं काम करतो: चाक वळणात एकसारखं धरतं, स्लाइड कुठे सुटेल याचा अंदाज बांधता येतो. शर्यतीतल्या कुणी चांगल्या जोडाचं, मापात काढलेलं अ‍ॅल्युमिनियम चाक अशा रस्त्यासाठी निवडलं तर त्यात गैर काही नाही, मात्र चांगल्या मोठ्या प्लास्टिक कोअरहून वेगळा वेळ नोंदवला जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. आपल्याकडच्या घाटरस्त्यांवर चित्र उलटं. वरच्या थरातली खडी उघडी पडलेली असते, पावसाळ्यानंतर कडेला ती सुटून पसरते, मधेच सिमेंटचा पट्टा, मधेच ठिगळ. अशा ठिकाणी वेग खातं ते कंपन. जाड, मऊ युरेथेन आणि मध्यम कोअर असलेलं ८० मिमीचं चाक पातळ थराच्या धातू-कोअर चाकाला मागे टाकतं आणि तळपायही बधिर होत नाहीत. खड्ड्याच्या धारदार कडेवर तर धातूचं नुकसानच. प्लास्टिक दबून परत येतं. कास्ट अ‍ॅल्युमिनियमला चीर जाते आणि सळईतून काढलेल्याला पोचा पडतो. पोचा बैठकीपर्यंत गेला की चाक भंगारात.

धातूचा कोअर परत भरून घेता येतो, म्हणून तो शेवटी स्वस्त पडतो, असं एक आकर्षक गणित मांडलं जातं. तत्त्वतः बरोबर आहे. जुनं युरेथेन लेथवर काढून नवं ओतता येतं आणि भोसरी-चाकणसारख्या औद्योगिक भागात ट्रॉलीच्या, स्टॅकरच्या (गोदामात माल उचलणाऱ्या गाडीच्या) चाकांना पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, चढवून देणारे मिळतात. अडचण युरेथेनच्या जातीची. गोदामातल्या चाकाला भार पेलायचा असतो आणि झिजायचं नसतं. स्केटच्या चाकाला उसळी जास्त लागते, आणि स्लाइड मारायची असेल तर ठरलेल्या पद्धतीने झिजणंही लागतं. स्टॅकरचं ९०ए युरेथेन चढवलेलं चाक गुळगुळीत फरशीवर छान पळेल, डांबरावर मेलेलं वाटेल आणि वळणात अचानक सुटेल. ओतणाऱ्याकडे ८०ए कास्ट पॉलिइथर युरेथेन असेल आणि तो कोअर नीट प्रायमर करायला तयार असेल, तरच हा उद्योग करा. पॉलिएस्टर जातीचं घेऊ नका, दमट हवेत ते लवकर कुजतं. ओतल्यावर चाक बेअरिंगच्या बोअरवर पकडून लेथवर गोल करून घ्या. बाहेरच्या अंगाने पकडलं तर चाक डगमगतं.

किमतीचं म्हणाल तर नामांकित प्लास्टिक कोअर चाकांचा चारचा सेट परदेशात साधारण ६० ते ९० डॉलरला पडतो, वर टपालखर्च आणि सीमाशुल्क. धातूच्या कोअरसाठी कुणी त्याच्या दुप्पट मागत असेल, तर तेवढ्यात प्लास्टिक कोअरचे दोन सेट येतात: एक पकडीचा, एक स्लाइडचा. फरक या दोन सेटमध्ये जितका जाणवेल त्याच्या पावपटही कोअरच्या धातूत जाणवणार नाही.

इलेक्ट्रिक बोर्डवाल्यांचं गणित वेगळं का, ते आता. पुली चाकाच्या कोअरला जोडलेली असते. ऑरंगाटांग कंपनीच्या ८० मिमी केगल चाकाचा आणि अ‍ॅबेक ११ कंपनीच्या फ्लायव्हील चाकाचा कोअर हे दोन नमुने इतके रूढ आहेत की बहुतेक पुल्या त्यांनाच बसतील अशा निघतात. पुलीचे दात प्लास्टिक कोअरच्या खाचांत शिरतात आणि जोर तिथून जातो. ९० किलोचा एकूण भार, ०.४ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट) इतका ब्रेक, दोन चाकांना मोटर आणि ९० मिमीचं चाक धरलं, तर प्रत्येक चाकावर सुमारे आठ न्यूटन-मीटर येतो. अक्षापासून १५ मिमीवरच्या खाचांवर तो पाचशे न्यूटनच्या पुढे जातो, म्हणजे पन्नासेक किलोचा धक्का, दर ब्रेकला. प्लास्टिक कोअर हे पेलतो, पण खाचांत धूळ जाऊन थोडा प्ले (ढिलेपणा) आला की धक्का आदळायला लागतो आणि मग आऱ्याच्या मुळाशी चीर जाते. अ‍ॅल्युमिनियम कोअरमध्ये पुली स्क्रूने आवळून बसवता येते, प्ले राहत नाही, आतली उष्णताही निघून जाते. भारी स्वार, चढ-उताराचा रोजचा रस्ता आणि जोरदार ब्रेक ही तिन्ही एकत्र असतील, तर दीडपट पैसेही रास्त आहेत.

घेताना एवढं पाहा की कोअरमधला एम४ स्क्रू निदान ८ मिमी धाग्यात जातो. अ‍ॅल्युमिनियममधला उथळ धागा दोन-तीन वेळा उघड-बंद केल्यावर निसटतो. पोलादी हेलिकॉइल (धाग्याचं अस्तर) आधीच घातलेला असेल तर उत्तम. स्क्रू सगळे एकदम न आवळता समोरासमोरच्या जोडीने, दोन फेऱ्यांत, दोन-सव्वादोन न्यूटन-मीटरवर आवळा. निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सुटू न देणारा गोंद) धातूच्या कोअरला बिनधास्त लावा. तीच बाटली प्लास्टिक कोअरवर वापरू नका, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर स्क्रू पुन्हा तपासा आणि मार्करची रेघही त्याच वेळी पाहून घ्या.